विडी विझते, काडी विझत नाही

गेल्या महिन्यात एका सेवानिवृत्त वाचकाचे पत्र या सदराकडे आले. अक्षर मोत्यासारखे आणि भाषाही तशीच. जावयाने दुबईहून येताना त्यांच्यासाठी हाताने वळलेल्या चिरुटांची पंचवीसची पेटी आणली होती. तक्रार अशी की, चिरूट अर्ध्यावर विझतो, पुन्हा पेटवला की कडू लागतो, एकाच अंगाने जळत जातो आणि चार झुरक्यांत जीभ चुरचुरू लागते. "आपण आरोग्यावर लिहिता, तेव्हा यावर काही उपाय सुचवावा," अशी शेवटी विनंती. पत्र वाचून मला थोडे हसू आले, थोडा रागही आला. डॉक्टरने आता चिरूट नीट कसा ओढावा हेही शिकवायचे का, असे म्हणून मी ते टेबलाच्या खणात टाकले.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय अठ्ठावन्न, मार्केट यार्डात हमाली केलेली, पंधराव्या वर्षापासून विडी, अलीकडे दिवसाला दीड-दोन बंडले. आले होते ताकदीचे इंजेक्शन घ्यायला. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हल्ली विडीत काही राम राहिला नाही. एका विडीला चारदा काडी लावावी लागते. ओढून ओढून छातीला रग लागते. तीन छाप बदलले, पण सगळे सारखेच. पानच निब्बर घ्यायला लागलेत हे लोक."

मला खणातले पत्र आठवले. तक्रार तीच, फक्त पेटी दुबईची नव्हती.

मी त्यांच्याच खिशातली काडेपेटी मागून घेतली. एक काडी पेटवली आणि त्यांच्या तोंडापासून सहा इंचांवर धरली. म्हटले, "मामा, ओठांचा चंबू करायचा नाही. तोंड चांगले उघडे ठेवा आणि जोरात श्वास सोडून ही विझवा." त्यांनी सोडला. ज्योत जरा हलली. दुसरी काडी, तिसरी काडी. तिसरी जळत जळत माझ्या बोटापर्यंत आली आणि शेवटी मीच ती झटकून विझवली. बाकावरचे दोघे-तिघे पाहत होते. मामा ओशाळून हसले, पण त्यांच्या लक्षात आले असावे.

छातीची ही जुनी आणि साधी चाचणी आहे. निरोगी माणूस उघड्या तोंडाने ती काडी सहज विझवतो. ज्याच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात त्याला जमत नाही, कारण हवा वेगाने बाहेरच पडत नाही. पक्के निदान यंत्रावर फुंक मारून करायचे असते, त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. मामांना ती करायला पाठवले. निघायचे तेच निघाले. लोक यालाही दमाच म्हणतात. वैद्यकीय नाव सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांना जडलेला कायमचा अडथळा. खऱ्या दम्यात औषधाने नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात, यात त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत. विडी होती तशीच होती. ती पेटती ठेवायला लागणारा दम मामांच्या छातीत उरला नव्हता, आणि त्यासाठी ते छाप बदलत होते.

आता विडी मुळात विझते का, ते पाहू. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो आणि तो एकसारखा जळावा म्हणून त्यात काही क्षार मिसळलेले असतात. त्यामुळे बोटांत नुसती धरलेली सिगारेटही जळत राहते. विडीला गुंडाळलेले तेंदूचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे, पान जाड आणि घट्ट. त्यातून हवा आत शिरत नाही. तंबाखूही थोडी, पाव ग्रॅमच्या आतच; सिगारेटमध्ये तिच्या तिपटीहून अधिक असते. निखाऱ्याला हवा मिळते ती ओढणाऱ्याच्या झुरक्याने. झुरका थांबला की निखारा मेला.

प्रयोगशाळेत सिगारेटचा धूर मोजायचे यंत्र असते. ते मिनिटाला एक झुरका घेते, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. याच चालीने विडी लावली तर ती विझून जाते. म्हणून विडीची तपासणी करताना शास्त्रज्ञांना मिनिटाला दोन झुरक्यांची चाल ठेवावी लागली. माणसाचेही तेच होते. विडी पेटती ठेवायची तर लवकर लवकर आणि खोल ओढावे लागते. इवल्याशा तंबाखूतून सिगारेटहून अधिक डांबर आणि अधिक कार्बन मोनॉक्साइड छातीत जाते ते यामुळे. "एवढीशी तर विडी" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

विडी नीट चालावी म्हणून लोक जे उपाय करतात ते मी तीस वर्षे पाहतो आहे. पावसाळ्यात विडी सादळते. मग ती चुलीच्या वैलावर ठेवतात, तव्यावर शेकतात, टोपीत किंवा कानावर खोचून अंगाच्या उबेने सुकवतात. सादळलेली विडी धुमसते, धूर जास्त देते आणि दुप्पट ओढायला लावते. फार शेकलेली भराभर पेटते, तिचा धूर गरम येतो आणि घसा पोळतो. कोणी पेटवण्यापूर्वी बोटांत चोळून तंबाखू सैल करतात, मग तिचे कण तोंडात येतात आणि थुंकत बसावे लागते. काही जण दोऱ्यापर्यंत ओढतात, बोटे पिवळी-काळी होईस्तोवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विझलेले थोटूक जपून ठेवून पुन्हा पेटवणे. आधी ओढलेला धूर त्या उरलेल्या तंबाखूतून गाळला गेलेला असतो, त्याचे डांबर तिथे साचलेले असते. पुन्हा पेटवल्यावर जो कडूपणा लागतो तो त्याचाच. जिभेने दिलेली ती सूचना असते. आपण ती ऐकत नाही, वर चहाचा घोट घेतो.

पत्रलेखक महाशयांच्या चिरुटाचेही गणित फारसे वेगळे नाही. चिरूट हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, अर्थ गुंडाळी. त्यात बाहेरचे वेष्टनही तंबाखूच्याच पानाचे. ही पाने थोडी ओलसर राहावी लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती वाळतात, तडकतात, एका अंगाने भराभर जळतात आणि धूर कडक येतो. पेटी ओलाव्यात ठेवली आणि सावकाश ओढले तर चिरूट सरळ जळेल, हे खरे. पण जीभ चुरचुरते ती तेवढ्यावर थांबेल असे मी लिहून देणार नाही. चिरुटाचा धूर सिगारेटच्या मानाने क्षारधर्मी असतो आणि त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरते. "मी धूर आत घेत नाही, नुसता तोंडात खेळवतो" असे चिरूटवाले अभिमानाने सांगतात. छातीला त्याने थोडा दिलासा मिळत असेल, पण जीभ, गाल, टाळू आणि घसा यांना त्या धुराची पूर्ण अंघोळ होते. आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. आंध्रच्या किनाऱ्यावर, श्रीकाकुळम-विशाखापट्टणम भागात, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची रीत आहे, विशेषतः बायकांत. तिथे टाळूचा कर्करोग होतो, जो इतरत्र विरळा. गोव्यात फणसाच्या पानात वळलेली धुमटीही काही जण अशीच उलटी ओढत. तेव्हा हाताने वळलेले, पानाचे, नैसर्गिक, या शब्दांना कोणी भुलू नये. जळल्यावर पान काय नि कागद काय, धूर तो धूरच.

विडीवाल्यांची आणखी एक ठाम समजूत आहे. सकाळची पहिली विडी ओढल्याशिवाय कफ सुटत नाही. खरे पाहता आपल्या श्वासनलिकांच्या आत सूक्ष्म लव असते. शेतातले पीक वाऱ्याने डोलावे तशी ती सतत हलते आणि धूळ, कफ वर ढकलते. धुराने ती बधिर होते. रात्री सहा-सात तास धूर मिळाला नाही की ती थोडी जागी होते आणि साचलेले वर आणू लागते, म्हणून पहाटे खोकला येतो. विडी ओढली की ती पुन्हा बधिर होते, खोकला शमतो आणि आपण म्हणतो, गुण आला. झाडूवाल्याला घालवून देऊन अंगण स्वच्छ झाले म्हणण्यासारखे हे आहे.

या "विडीच्या खोकल्या"ने आमच्या जिल्ह्यात किती क्षयरोगी उशिरा सापडतात ते पाहिले की जीव हळहळतो. दहा वर्षे खोकतोच आहे, त्यात नवे काय, असे म्हणून माणूस घरी बसतो. इकडे वजन उतरते, संध्याकाळी कणकण येते, कधी बेडक्यात रक्ताचा धागा दिसतो. धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याची आणि त्याने दगावण्याचीही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, किंवा जुन्या खोकल्याचे रूप बदलले असेल, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. पैसे लागत नाहीत. तसेच आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर घरच्या घरी हळद-मध लावत बसू नये.

पायांविषयीही दोन शब्द. चालताना पोटरीत वांब येणे, थांबले की बरे वाटणे, पायाची बोटे गार आणि निळसर पडणे, बारीक जखम महिनोन्महिने न भरणे. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्जर यांनी १९०८ साली या रोगाचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. बहुधा तरुण पुरुषांना होतो, आणि आपल्याकडे ज्याला होतो तो बहुतेक वेळा विडी ओढणारा असतो. यात तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा असते. दिवसाला एक-दोनच ओढतो म्हणणाऱ्याचे मात्र आज अंगठा, उद्या पाऊल, परवा गुडघ्याखाली असे चालते. अंगठा कापल्यावर वॉर्डाच्या जिन्यात बसून विडी ओढणारा तिशीतला माणूस मी पाहिला आहे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. निकोटिनची पकड किती घट्ट असते, ते मला त्या जिन्यात कळले.

विडी गरिबाची, देशी, म्हणून सिगारेटपेक्षा बरी, ही समजूत फक्त पारावरच नाही, ती वरपर्यंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवर ४० टक्के कर ठरवला आणि विडीवरचा २८ वरून १८ वर आणायचे ठरवले. कामगारांच्या पोटाचा प्रश्न आहे हे मान्य, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण मरणाच्या बाबतीत विडी अशी कसलीही सवलत देत नाही. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील सुमारे अकरा लाख घरांतील मृत्यूंची पाहणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. धूम्रपान करणाऱ्या भारतीय पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटते, असे तीत दिसले. आपल्याकडे धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी विडीच ओढतात, हे ध्यानात घ्यावे.

आता कामगारांविषयी. विडी वाकडी निघाली, फार घट्ट निघाली, की ओढणारा वळणारीला शिव्या देतो. सिन्नरला, सोलापूरला, नगर-संगमनेरकडे, तिकडे गोंदिया-भंडाऱ्यात ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना माहीत आहे की मजुरी हजार विड्यांवर मिळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, पाठ वाकलेली, शेजारी पाळणा. त्या तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, बोटांच्या कातड्यातून निकोटिन अंगात भिनते. मळमळ, डोके जड होणे, खोकला, कंबरदुखी हे रोजचेच. वर मुकादमाने वाकड्या विड्या बाजूला काढल्या की त्यांची मजुरी गेली. हजाराची भरती करताना रात्री दहाला वळलेली शेवटची विडी सैल निघाली तर त्यात नवल काय? या बायकांना दुसरे काम मिळवून देण्याची जबाबदारी सरकारची आणि कारखानदारांची आहे. आपण विडी ओढत राहून त्यांच्यावर उपकार करतो, हे मात्र कोणी मला सांगू नये.

सोडायची कशी, हा प्रश्न उरतो. मी मामांना सांगितले तेच इथे सांगतो. हळूहळू कमी करण्यापेक्षा तारीख ठरवून एकदम सोडलेले बहुतेकांना बरे पडते. आदल्या रात्री घरातली सगळी बंडले, थोटके, काडेपेट्या बाहेर. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप येत नाही, हात रिकामा वाटतो. तलफ उठली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, चार पावले चालणे, बडीशेप चघळणे, काहीही चालेल. तीन-चार आठवड्यांत जोर बराच ओसरतो. काहींना सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढतो आणि ते घाबरून पुन्हा ओढू लागतात. ती बधिर लव कामावर परतल्याची खूण असते, घाबरू नये. सकाळी पोट साफ होत नाही ही तक्रार खरी आहे, कारण निकोटिन आतड्यांना हलवत असते. कोमट पाणी, पालेभाजी, रात्री ईसबगोल, सकाळी चालणे एवढ्याने बहुतेकांचे काही आठवड्यांत मार्गी लागते.

निकोटिनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते, पण डॉक्टरांना विचारून घ्यावे. ते पानासारखे चघळून थुंकायचे नसते. दोन-चारदा चावायचे, जिभेला झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. ही रीत न सांगितल्यामुळे "गुण येत नाही" म्हणून अनेकांनी ते टाकून दिलेले मी पाहिले आहे. आणि विडी सोडली म्हणून तंबाखू-चुना मळायला लागलेले, घरच्या बाईची मिश्री घासायला लागलेले पुष्कळ आहेत. त्यांनी फक्त दार बदलले. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनामूल्य आहे. समुपदेशक बोलतात, पुन्हा फोन करून चौकशीही करतात. लाजू नये.

पत्रलेखकांना मी उत्तर पाठवले आहे. पेटी ओलाव्यात कशी ठेवावी ते त्यात लिहिलेले नाही. तोंड तपासून घ्यायला एकदा दवाखान्यात यावे, एवढेच लिहिले आहे. अजून आलेले नाहीत.

मामा सहा आठवड्यांनी आले. मधे एकदा लग्नाच्या वऱ्हाडात तीन विड्या ओढल्या, तेही त्यांनी स्वतःच सांगितले. त्यानंतर नाही. छाती पूर्वीसारखी होणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. आता घसरण मंदावावी, एवढीच खटपट. श्वासाचे औषध नळीतून ओढायला शिकले आहेत. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत यायला त्यांना चार ठिकाणी थांबावे लागे, आता दोन ठिकाणी लागते. उठताना सवयीने खिशाकडे हात गेला, तसा थांबून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काडेपेटी तेवढी ठेवली तर चालेल का? मधूनमधून तुमची ती परीक्षा घेऊन बघतो."

म्हटले, घरी देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि परीक्षा तिथेच घ्या.